एक घर किती वेळा मोजावे?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणितावर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल, मलाही वाटते. परंतु यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या सिहोऱ्यात मी एक बेरीज केली. ती अगदी हवी तशी आली, आणि तरीही साफ चुकीची होती. ती हकीकत सांगावी म्हणून लेखणी उचलली आहे.

सिहोरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले गाव. जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो खरा, पण वैशाखात पिण्याच्या पाण्याची गोष्ट निराळी. नळाची वेळ चुकली की बाया गुंड घेऊन बोरिंगकडे वळतात. (हातपंपाला आमच्याकडे बोरिंगच म्हणतात.) आमच्या मोहल्ल्याला तीन बोरिंग पडतात. त्यांपासून शंभर पावलांच्या आत किती घरे आहेत हे पाहावे, म्हणून मी पावलांनी अंतरे मोजून आलेख-कागदावर नकाशा काढला. दहा पावलांचा एक चौकोन, प्रत्येक घराचा एक ठिपका आणि प्रत्येक बोरिंगभोवती दहा चौकोन त्रिज्येचे वर्तुळ. घरे एकूण ४०. पहिल्या वर्तुळात १६ ठिपके, दुसऱ्यात १३, तिसऱ्यात ११. बेरीज ४०! एकही घर सुटले नाही, असे मी आजीला मोठ्या ऐटीत सांगितले.

आजी म्हणाली, "मंग मी गुंड घेऊन इतकी दूर काहून जाते?"

नकाशा पुन्हा पाहिला. आमचा ठिपका तिन्ही वर्तुळांच्या बाहेर होता. वर्तुळे एकमेकांवर चढलेली होती आणि चढलेल्या भागातली घरे मी दोनदा, एक तर तीनदा मोजले होते. जेवढी घरे जास्त मोजली गेली, नेमकी तेवढीच बाहेर राहिली होती. म्हणून बेरीज जुळली.

तर्कशास्त्राच्या तासाला आपण जॉन व्हेनची वर्तुळे काढतो. व्हेनने ती १८८० साली विधानांचे संबंध दाखविण्यासाठी मांडली. आमच्या बोरिंगलाही ती तशीच लागू पडतात. पहिल्या व दुसऱ्या वर्तुळात सामाईक घरे ४, दुसऱ्या-तिसऱ्यात ३, पहिल्या-तिसऱ्यात २. ही ९ घरे ४० मधून वजा करावीत. पण तिन्ही वर्तुळांत असलेले एक घर आधी तीनदा मोजले गेले आणि आता तीनदा वजाही झाले, म्हणजे हिशेबातून गेलेच. ते परत मिळवावे. उत्तर ३२. आठ घरे बाहेर.

तीन वर्तुळांपुरते हे ठीक आहे. दहा वर्तुळे असतील तर मिळवणे-वजा करणे यात माणूस हरवून जाईल. मामेभावाला संगणकाची भाषा येते. त्याच्याजवळ बसून मी कार्यक्रम लिहिला आणि पहिल्याच खेपेला तीच चूक केली : एक बोरिंग घ्या, त्याच्या वर्तुळातली सगळी घरे मोजा, मग पुढचे बोरिंग. उत्तर पुन्हा ४०. यंत्राने माझी चूक फक्त अधिक वेगाने केली.

मामेभावाने दोन ओळींची अदलाबदल केली. आता आधी घर घ्यायचे. त्या घरासाठी एकेक बोरिंग तपासायचे. कोणत्याही एका वर्तुळात ते सापडले की एक मिळवायचा आणि तिथेच थांबून पुढच्या घराकडे जायचे. बोरिंगला 'तुझी घरे किती' असे विचारण्याऐवजी घराला 'तुला एक तरी बोरिंग आहे का' असे विचारायचे. मग वर्तुळे कितीही असोत, कशीही चढोत, घर एकदाच मोजले जाते. उत्तर आले ३२. शिवाय सुटलेल्या आठ घरांची यादीही मिळाली. मला खरी मौज या यादीची वाटली, कारण बेरजेला नावे नसतात.

घर आत आहे हे यंत्राला कसे कळते? पायथागोरसच्या नियमाने. घर बोरिंगच्या पूर्वेला ६ चौकोन आणि उत्तरेला ८ चौकोन असेल, तर ३६ आणि ६४ मिळून १००. त्रिज्या १०, तिचाही वर्ग १००. म्हणजे घर बरोबर रेषेवर! असे एक घर खरोखर होते. 'कमी' असे लिहिले तर ते बाहेर पडते, 'कमी किंवा समान' लिहिले तर आत येते. मी समान लिहिले; शंभरावे पाऊल शंभरातलेच.

वर्तुळाला मात्र भिंत दिसत नाही, माणसाला वळसा पडतो. लंडनमध्ये १८५४ च्या पटकीच्या साथीनंतर डॉक्टर जॉन स्नो यांनी हे ओळखले होते. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि इतर पंप जिथून चालण्याच्या अंतराने सारखेच दूर पडतात, अशी रेषा त्यांनी नकाशावर आखली. त्या वाकड्यातिकड्या रेषेच्या आत ज्यांना ब्रॉड स्ट्रीटचाच पंप जवळचा तेवढी घरे आली. घर एकतर आत, नाहीतर बाहेर. दोनदा मोजण्याचा प्रश्नच उरला नाही.

अशा वेड्यावाकड्या आकृतीत ठिपका आहे की नाही हे ओळखण्याची युक्ती धानाच्या बांधीत समजते. ठिपक्यापासून एका दिशेला सरळ रेघ न्यावी आणि ती सीमेला किती वेळा छेदते ते मोजावे. बांधीत उभा असलेला माणूस सरळ चालत बाहेर पडला, तर त्या बांधीचा धुरा तो एकदा, तीनदा, पाचदा, विषम वेळाच ओलांडतो. बाहेरचा माणूस ओलांडील तर सम वेळा, नाहीतर एकदाही नाही.

शेवटी आम्ही चौथे वर्तुळ एकेका चौकोनावर ठेवून पाहिले. सर्वांत चांगल्या जागी ते आठांपैकी सहा घरे घेते. उरलेल्या दोन घरांत एक आमचे. आणि त्या जागेखाली पाणी आहे की नाही, हे वर्तुळ सांगत नाही. त्यासाठी भूजलाची पाहणी हवी. आठ घरांची यादी आणि नकाशा मी ग्रामपंचायतीसाठी स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवला आहे. आजीने तो पाहिला आणि आमचा ठिपका जरा मोठा काढायला सांगितला.