भूकंप, भिंत आणि सातबारा

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बोळवून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांतली सुमारे आठ हजार माणसे मेली. अशा वेळी देवीचा कोप, पूर्वजन्मीचे पाप ही उत्तरे आपल्याकडे तयारच असतात. ज्यांच्या माथी शतकानुशतके पूर्वजन्म मारला गेला, त्यांनी तरी ती नाकारून कारण शोधले पाहिजे.

पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे, बनलेले आहे. बहुतेक भूकंप या भूपट्टांच्या कडांवर होतात. आपल्या भूपट्टाची उत्तरेकडची कड हिमालयात. किल्लारी तिथून हजार किलोमीटरहून अधिक दूर. दख्खनचा खडक जुना आणि घट्ट, तो हलायचा नाही, अशी समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने तिला तडा दिला. पण तिथे धरणाचे पाणी भेगांत झिरपून दाब वाढल्याचे कारण होते. किल्लारी मात्र १९९३ पर्यंत भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रातच राहिली.

मग जमीन हलली का? भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला रेटतो. हा रेटा कडेपाशी थांबत नाही. भरल्या गाडीचे चाक अडले की ताण जुवापासून आसापर्यंत पोचतो आणि लाकडाला जिथे जुनी चीर असेल तिथे ते कडाडते. भूपट्टाच्या पोटातही अशा फार जुन्या भेगा आहेत. दख्खनमध्ये त्या लाव्हाच्या काळ्या खडकाखाली झाकलेल्या आहेत. तिथे ताण फार सावकाश साठतो. दोन मोठ्या धक्क्यांत शेकडो, हजारो वर्षे जातात. म्हणून गावाच्या आठवणीत भूकंप नसतो आणि गवंड्याच्या हाताला त्याची सवय नसते. पण आठवण नाही म्हणून धोका नाही, असे होत नाही.

किल्लारीचा धक्का सुमारे ६.२ तीव्रतेचा. जगात दरवर्षी असे कितीतरी होतात. इथे तो जमिनीखाली फार खोल नव्हता आणि वर होत्या चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवर मातीचे जड माळवद. माणसे या ओझ्याखाली चिरडली. ज्या दगडी वाड्यावरून माणसाची प्रतिष्ठा मोजली जाई, तोच मारेकरी ठरला. गावकुसाबाहेरचे कुडाचे झोपडे कोसळले तरी त्यातून माणूस उठून बाहेर येऊ शकतो.

भूकंपाने जात विचारली नाही. पुनर्वसनाने मात्र सातबारा विचारला. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यावरच्यांना ७५०. घरे भूकंपाला टिकतील अशी बांधली, हे मान्य. पण घरात माणसे किती, हा प्रश्न नव्हता. जमीन किती, हा होता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमिनीपासून दूर ठेवले, त्यांना या मापाने काय मिळणार, हे सांगायला गणित लागत नाही. जुन्या गावाची उतरंड नव्या गावात सिमेंटने पक्की झाली.

२००२ साली नकाशा सुधारला. सर्वांत कमी धोक्याचे ते क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. पण नकाशा बदलल्याने भिंत बदलत नाही. भिंतीच्या आरपार जाणारे दगड, दारा-खिडक्यांवरून चौफेर फिरणारा काँक्रीटचा पट्टा, हलके छप्पर – यांत दुर्मीळ असे काही नाही. सरकारी घरकुलात हे आहे का, हे वस्तीने बांधकाम चालू असतानाच पाहिले पाहिजे आणि नसेल तर काम अडवले पाहिजे. शिक्षकांनी हे ज्ञान वर्गाबाहेर, वस्तीत न्यावे. आणि पुढच्या आपत्तीत घराचे माप जमिनीवरून नव्हे, माणसांवरून ठरावे, ही मागणी आपत्ती येण्याआधीच करावी. ढिगारे उपसताना ती कोणी ऐकत नाही.