जोडणीची जोखीम : जहाजांवरच्या स्वयंचलनाचा एक आढावा

भिलाईच्या कारखान्यात लाटलेल्या पोलादी प्लेटा रेल्वेने पश्चिमेकडे निघाल्या, की डोंगरगढ आणि बोरतलाव मागे टाकून दरेकसाच्या घाटातून महाराष्ट्रात उतरतात. सालेकसा तालुक्यातलं हे स्टेशन लोकांना ठाऊक आहे ते कचारगडच्या यात्रेमुळे आणि हाजरा धबधब्यामुळे. मुंबईचा समुद्र इथून लोहमार्गाने सुमारे १,००० किलोमीटरवर. तरीही या वाटेचं समुद्राशी नातं आहे. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका बांधायला सुमारे ३०,००० टन खास पोलाद लागलं आणि ते बोकारो, राउरकेला आणि भिलाई इथल्या कारखान्यांनी पुरवलं. ही गोष्ट आपल्या भागात अभिमानाने सांगितली जाते आणि सांगितलीच पाहिजे. मात्र त्याच नौकेच्या पोटात सुमारे २,५०० किलोमीटर लांबीची वीजकेबलही आहे. ती सरळ अंथरली तर दरेकसाहून मुंबईला जाईल, परत येईल आणि पुन्हा निघून अकोलाही ओलांडेल. पोलादामुळे जहाज तरंगतं. ते चालतं, वळतं, उजळतं, आग विझवतं ते या केबलमुळे. तिच्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

आजच्या युद्धनौकेत इंजिनं, जनरेटर, पंप, झडपा, टाक्या, एअर कंडिशनिंग, आगीची सूचना देणारी यंत्रं असा प्रचंड पसारा असतो. ‘विक्रांत’वर कप्पेच सुमारे २,२०० आहेत. प्रत्येक यंत्राजवळ माणूस उभा करायचा म्हटलं तर जहाजावर दुसऱ्या कशालाच जागा उरणार नाही. म्हणून जागोजागी सेन्सर बसवतात. तापमान, दाब, पातळी, फेऱ्यांची गती असं सगळं मोजून ते जवळच्या छोट्या नियंत्रक संगणकाला कळवतात. हे नियंत्रक दुहेरी जाळ्याने एकमेकांशी जोडलेले असतात. एक वाट तुटली तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो. मग कंट्रोल रूममधल्या पडद्यापुढे बसलेला माणूस दूरच्या कप्प्यातली झडप उघडू शकतो. नौदलात या व्यवस्थेला इंटिग्रेटेड प्लॅटफॉर्म मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यात आयपीएमएस, म्हणतात. ‘विक्रांत’ची आयपीएमएस भारत हेवी इलेक्ट्रिकल्सकडून आली, मुख्य स्विचबोर्ड लार्सन अँड टुब्रोकडून आणि वातानुकूलनाची मोठी यंत्रं किर्लोस्कर समूहाच्या पुण्याच्या कारखान्यांतून. कोचीत बांधलेल्या नौकेत महाराष्ट्राचा वाटा असा आहे.

माझगाव गोदीतही हाच बदल दिसतो. तिथे बांधलेली पहिली ‘निलगिरी’ १९७२ साली नौदलात दाखल झाली. ती वाफेवर चालणारी होती आणि बॉयलररूमच्या उष्णतेत माणसं पाळ्या करून उभी राहत. त्याच नावाची नवी ‘निलगिरी’ १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत दाखल झाली. तिच्या प्रत्येक शाफ्टवर एक डिझेल इंजिन आणि एक गॅस टर्बाइन आहे. संथ गस्तीला डिझेल, वेग हवा तेव्हा टर्बाइन. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना क्लच, गिअरबॉक्स आणि पंख्याच्या पात्यांचा कोन यांचा मेळ अगदी ठरलेल्या क्रमाने बसावा लागतो. क्रम चुकला तर गिअरबॉक्स निकामी होईल. तो सांभाळण्याचं काम आता आयपीएमएसकडे आहे.

यंत्राने जहाज हाकण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने अमेरिकन नौदलाचे सुकाणूवाले बारकाईने पाहिले. मुरलेला सुकाणूवाला जहाज किती भरकटलं एवढंच बघत नाही. भरकटण्याचा वेग किती आणि आधीची चूक किती साठून राहिली, याचाही तो अंदाज घेतो, असं त्याच्या लक्षात आलं. १९२२ साली त्याने ते गणितात मांडलं. आज कारखान्यांच्या भट्ट्यांपासून ड्रोनपर्यंत सगळीकडे वापरलं जाणारं तीन घटकांचं नियंत्रणसूत्र ते हेच. ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर त्याची चाचणी यशस्वी झाली, पण खलाशांचा विरोध झाल्याने नौदलाने तेव्हा ते स्वीकारलं नाही. स्वयंचलनाचं मूळ एका कसबी माणसाच्या निरीक्षणात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग १९६१ साली दोन मोठी पावलं पडली. जपानमध्ये ‘किंकासान मारू’ या मालवाहू जहाजाचं मुख्य इंजिन थेट ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या वरच्या खोलीतून, चालवण्याची सोय झाली. त्यातूनच पुढे रात्री इंजिनरूममध्ये कुणीही नसलेली जहाजं आली. आता व्यापारी जहाजांवर हे रोजचं झालं आहे. संध्याकाळी फेरी मारून इंजिनिअर वर जातात आणि अलार्म ड्यूटीवरच्या माणसाच्या केबिनमध्ये वाजतो. त्याने ठरलेल्या वेळात खाली जाऊन तो स्वीकारला नाही, तर इतरांना उठवलं जातं.

दुसरं पाऊल तेलाच्या शोधातून पडलं. खोल पाण्यात नांगर पोचत नाही, मग भोक पाडताना जहाज एका जागी कसं ठेवायचं? ‘कस १’ या बार्जवर चार बाजूंना प्रॉपेलर लावून माणसांनी हाताने ते साधलं. त्याच वर्षी शेल कंपनीच्या ‘युरेका’ या जहाजावर हॉवर्ड शॅटो यांनी तेच काम स्वयंचलित केलं. तेव्हापासून या तंत्राला डायनॅमिक पोझिशनिंग म्हणतात. जहाजावरची माणसं नुसतं डीपी म्हणतात.

डीपीवर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या जहाजी स्वयंचलनाचं सार त्यात आहे. वारा, लाटा आणि प्रवाह जहाजाला ढकलत असतात. संगणकाला त्याची जागा उपग्रहांवरून कळते, तळाशी सोडलेल्या वजनाच्या ताणलेल्या तारेच्या कोनावरून कळते, पाण्यातल्या ध्वनिलहरींवरून आणि प्लॅटफॉर्मवर लावलेल्या परावर्तकावर पडणाऱ्या लेझरवरूनही कळते. हे साक्षीदार मुद्दाम वेगवेगळ्या जातीचे ठेवतात, म्हणजे एकाच कारणाने सगळे एकदम चुकणार नाहीत. पण खरी अवघड गोष्ट पुढे आहे. प्रत्येक लाटेबरोबर जहाज पुढेमागे होतं आणि प्रत्येक लाटेशी झुंजायला गेलं तर थ्रस्टर, म्हणजे जागा राखणारे प्रॉपेलर, लवकर झिजून जातील. कोणती हालचाल लाटेची, म्हणजे आपोआप परत येणारी, आणि कोणती खरी वाहून जाण्याची, हे संगणकाला ओळखावं लागतं. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमचे प्राध्यापक येन्स बाल्खेन यांनी १९७० च्या दशकात कालमन फिल्टर नावाचं गणित वापरून हा प्रश्न सोडवला. जहाजाचा गणिती नमुना संगणकात सतत चालू असतो. नमुन्याचा अंदाज आणि सेन्सरचं मोजमाप यांची क्षणोक्षणी तुलना होते आणि थ्रस्टर फक्त संथ वाहण्याशी लढतात.

हे तंत्र महाराष्ट्राच्या दारात आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘बॉम्बे हाय’ क्षेत्रात १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदाई नौकेने तेल शोधलं. आता तिथे समुद्रतळावर पाइपलाइनींचं जाळं आहे आणि नांगर टाकणं म्हणजे पाइप फोडण्याचा धोका. म्हणून पाणबुड्यांना काम करू देणारी, सामान पोचवणारी, आग विझवणारी जहाजं डीपीवर उभी राहतात. पाणबुड्या तळाशी असताना त्याला श्वासाचा वायू, ऊब आणि प्रकाश जहाजातून खाली गेलेल्या नाळेतून मिळतो. जहाज सरकलं तर नाळ ताणली जाते. २०१२ साली उत्तर समुद्रात असंच झालं. डीपी बंद पडलं, जहाज वाहत गेलं आणि एका पाणबुड्याची नाळ तुटली. वरच्या माणसांनी जहाज हाताने चालवत माघारी आणलं आणि आश्चर्य म्हणजे तो वाचला. असा धोका ओळखून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने आधीच, १९९४ मध्ये, डीपी जहाजांचे तीन वर्ग ठरवले होते. दुसऱ्या वर्गात कोणताही एक चालता भाग बिघडला तरी जहाज जागा सोडत नाही. तिसऱ्यात एखादा अख्खा कप्पा आगीने किंवा पाण्याने गेला तरी सोडत नाही.

या सगळ्याचं मोल काय, हे आपण २७ जुलै २००५ रोजी पाहिलं. आदल्या दिवशी मुंबई पावसाने बुडाली होती, म्हणून ‘बॉम्बे हाय’वरच्या त्या अपघाताची आठवण लोकांच्या मनात पुसट आहे. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर उडत नव्हती. ‘समुद्र सुरक्षा’ या बहुउद्देशीय जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली आणि त्याला उपचारासाठी बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. जहाज वाऱ्याच्या बाजूने प्लॅटफॉर्मजवळ गेलं. संगणकाच्या मदतीने चालणाऱ्या थ्रस्टरमध्ये अडचण होती, त्यामुळे ते हाताने चालवत मागच्या बाजूने आणलं. क्रेनने जखमीला वर घेतलं. परत फिरताना उसळीत जहाजाचं हेलिडेक वायू वाहून नेणाऱ्या उभ्या पाइपाला धडकलं. पाइप फुटला, आग लागली आणि प्लॅटफॉर्म थोड्याच वेळात नष्ट झाला. २२ माणसं गेली. त्या वेळी तिथल्या प्लॅटफॉर्मवर, शेजारच्या रिगवर आणि जहाजावर मिळून ३८४ माणसं होती. ३६२ जण वाचले ते नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांमुळे. जहाजही पुढे बुडालं.

या घटनेला कुणी यंत्राचा दोष म्हणतं, कुणी माणसाचा. मला दोन्ही अपुरं वाटतं. यंत्रणेचा एक भाग आजारी असताना उरलेल्या भागावर किती भरवसा ठेवायचा, कोणत्या हवेत प्लॅटफॉर्मपासून दूर राहायचं आणि हा निर्णय कुणी घ्यायचा, याचे नियम जागेवर पक्के नव्हते. त्यात वायूचे पाइप प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या बाजूला, जहाजाच्या टप्प्यात होते. एकात्म यंत्रणा तुटते ती बहुधा जिथे एक भाग दुसऱ्याला भेटतो तिथेच: संगणक आणि थ्रस्टर, थ्रस्टर आणि कप्तान, जहाज आणि प्लॅटफॉर्म.

सुमारे १९ वर्षांनी, २६ मार्च २०२४ रोजी, बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ हे कंटेनरवाहू जहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि रस्त्याचं काम करणारे सहा मजूर मरण पावले. जहाजावरचे जवळपास सगळे खलाशी भारतीय होते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२५ मध्ये निष्कर्ष दिला, की पहिल्यांदा वीज गेली ती एका सैल वायरमुळे. वायरवर ओळखीसाठी लावलेली पट्टी अशी बसली होती, की टोक जोडणीत पूर्ण आत गेलंच नव्हतं. ३०० मीटर लांबीचं जहाज त्या एका जोडणीमुळे अंधारात गेलं. असे प्रसंग गृहीत धरूनच नियम आहेत. मुख्य वीज गेली तर आणीबाणीच्या जनरेटरने ४५ सेकंदांत सुरू होऊन भार घेतला पाहिजे, हा सागरी सुरक्षेच्या सोलास कराराचा दंडक त्यातलाच. जहाजाची पॉवर मॅनेजमेंट यंत्रणाही जनरेटर आपोआप चालू करते, भार वाटते, ताण आला तर आधी बिनमहत्त्वाचे पंखे-पंप सोडून देते. पण बंदराच्या अरुंद वाटेत पुलासमोर ४५ सेकंद फार मोठा काळ आहे.

जोडण्या आता जहाजाबाहेरही पोचल्या आहेत. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या संगणकी हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं ठप्प केलं आणि न्हावाशेवा बंदरातल्या तिच्या गटाच्या टर्मिनलचंही काम अडलं. आता जहाजाचं इंजिन किनाऱ्यावरच्या कार्यालयातून पाहता येतं. जी वाट आपल्याला आत नेते तीच दुसऱ्यालाही नेऊ शकते. जहाजं तपासून दर्जा देणाऱ्या वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १ जुलै २०२४ पासून नव्या जहाजांना सायबर-सुरक्षेचे नियम सक्तीचे केले, ते योग्यच झालं. आपली वर्गीकरण संस्था, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, १९७५ सालची. तिचं मुख्यालय पवईत आहे आणि हे नियम भारतीय गोद्यांना लावण्यात तिची भूमिका मोठी आहे.

माणसाविना जाणाऱ्या नौकांची चर्चाही जोरात आहे. सागर डिफेन्स इंजिनिअरिंग या भारतीय कंपनीच्या ‘मातंगी’ या छोट्या स्वयंचलित नौकेने २०२४ मध्ये मुंबईहून तुतिकोरिनच्या दिशेने सुमारे १,५०० किलोमीटरचा प्रवास हाती घेतला, त्याचं मनापासून कौतुक आहे. मोठ्या मालवाहू जहाजांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तिथे माणूस काढण्याची घाई करण्याआधी आहेत त्या माणसांत योग्य माणूस आहे का, ते पाहावं.

तो माणूस म्हणजे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर. आपल्या खलाशांचा बत्तीसाब. पूर्वी त्याच्याकडे दिवे, मोटारी आणि क्रेनची वायरिंग असे. आज सेन्सर, नेटवर्क, ब्रिजवरची उपकरणं, हजारो व्होल्टचे स्विचबोर्ड हे सगळं त्याचंच. अलार्म खरा आहे की सेन्सर खोटं बोलतोय, हे ओळखणारा जहाजावर तो एकटा असतो. खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१० साली झालेल्या मनिला दुरुस्त्यांनी या पदाला आंतरराष्ट्रीय योग्यता-प्रमाणपत्र दिलं. परंतु जहाजावर तो असलाच पाहिजे अशी सक्ती त्या करारात नाही. जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं त्याच्यावर ते सोडलं आहे, आणि पगार वाचवण्यासाठी त्याच्याविना जहाजं नेली जातात. दर वर्षी नवी यंत्रणा चढवायची आणि ती समजणारा माणूस उतरवायचा, हे मला धोक्याचं आणि अन्यायाचं वाटतं.

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीतून दर वर्षी इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सची पदविका-पदवी घेऊन मुलं-मुली बाहेर पडतात. समुद्र न पाहिलेल्यांनाही ही वाट खुली आहे. पदविका किंवा पदवीनंतर नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेत काही महिन्यांचा अभ्यासक्रम, मग जहाजावर प्रशिक्षण आणि परीक्षा. पोहता यायला हवं, रंग ओळखणारी नजर निर्दोष हवी, कारण वायरींची भाषा रंगांची आहे. पैसे घेऊन जहाजावर चढवून देतो म्हणणाऱ्या दलालांपासून मात्र लांबच राहावं. भरती-सेवा देणाऱ्या कंपनीचा परवाना महासंचालनालयाच्या यादीत स्वतः तपासावा.

या कामाचा एक दिवस मला विशेष वाटतो. डीपी जहाजांची दर वर्षी चाचणी होते. तपासनीस आधी कागदावर लिहितात, की हा फ्यूज गेला तर काय होईल, ही केबल तुटली तर काय होईल. मग जहाज मोकळ्या समुद्रात उभं करतात आणि खरोखरच फ्यूज काढतात, नेटवर्कची केबल उपटतात, चालू जनरेटर बंद करतात. ब्रिजवर एक जण जागेचा आकडा पाहत असतो, खाली बत्तीसाब हातात काढलेला फ्यूज धरून फोनवर असतो. जहाज किती सरकलं ते लिहून घेतात, फ्यूज परत बसवतात आणि पुढच्या ओळीकडे जातात. अशा ओळी शेकड्यांनी असतात आणि सगळ्या संपेपर्यंत जहाज कामावर जात नाही.