डोरा केक आपल्या तव्यावर

अजिंठा गावातून घाट उतरला की फर्दापूर लागते आणि तिथून लेणी जवळच. आमच्या शाळेतील काही मुलांचे वडील तिकडे रंगीत दगड आणि माळा विकतात. लेणी पाहायला जपानी पाहुणे फार पूर्वीपासून येतात. अराई काम्पो हे जपानी चित्रकार १९१६ मध्ये भारतात आले आणि त्यांनी येथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. पुढे या परिसराच्या विकासासाठी जपानने कर्जही दिले. अशा येण्या-जाण्यामुळे दुकानदारांना जपानी भाषेतील दहा-वीस वाक्ये ऐकून-ऐकून येतात. वाचता मात्र येत नाही.

गेल्या हिवाळ्यात पाचवीतील एका मुलाचे वडील मगरिबनंतर आमच्याकडे आले. हातात एक पाकीट आणि सोबत मुलगा. एका वृद्ध जपानी बाईने दुकानातून माळ घेतली आणि जाताना मुलासाठी म्हणून हा खाऊ दिला होता. "सर, हे आपल्याला चालते का, तेवढे पाहा," ते म्हणाले. मुलगा मध्येच म्हणाला, "अब्बू, हा डोरा केक आहे! डोरेमॉन हाच खातो!"

त्याचे खरे होते. या पदार्थाचे मूळ नाव दोरायाकी. जपानी भाषेत 'दोरा' म्हणजे थाळीसारखी घंटा, आणि तिच्यासारखा गोल म्हणून हे नाव. दोन मऊ, गोड घावनांच्या मध्ये लाल अझुकी कडधान्याचे पुरण भरलेले असते. डोरेमॉनची चित्रकथा जपानमध्ये १९६९ च्या अखेरीस सुरू झाली. आपल्याकडची मुले त्याला टीव्हीवर हिंदीत ऐकतात, म्हणून त्यांच्या तोंडी 'डोरा केक' बसले आहे.

आम्ही मोबाईलच्या कॅमेऱ्याने पाकिटावरील मजकुराचे भाषांतर करून पाहिले. मैदा, अंडी, साखर, मध, आणि पुढे 'मिरीन' हा शब्द आला. मिरीन ही तांदळापासून बनवलेली गोड दारू. अस्सल मिरीनमध्ये अल्कोहोल सुमारे १४ टक्के असते. रंग आणि चकाकी यावी म्हणून जपानी स्वयंपाकात ती वापरतात. प्रत्येक दोरायाकीत ती असतेच असे नाही, पण या पाकिटात होती. आम्ही तसे सांगितले. मुलाचे डोळे भरून आले. त्याने विचारले, "म्हणजे त्या आजीने आम्हाला मुद्दाम हराम दिले का?"

हा प्रश्न आम्हाला पाकिटापेक्षा मोठा वाटला. आम्ही म्हणालो, "नाही बेटा. तिने स्वतःला आवडणारी वस्तू प्रेमाने दिली. आपले नियम तिला माहीत नव्हते. खायचे नाही ते पाकिटातले. तिच्या प्रेमाला नावे ठेवायची नाहीत." वडिलांनी पाकीट शेजारच्या दुकानदाराला द्यायचे ठरवले. आणि आम्ही मुलाला शब्द दिला की रविवारी हाच केक आपल्या घरी करू.

तयारी करताना एक गंमत कळली. जपानमध्ये 'योकान' नावाची कडधान्याच्या पुरणाची वडी मिळते. तिच्या नावाचा मूळ अर्थ मेंढीच्या मांसाचा रस्सा! हा पदार्थ चीनमधून झेन भिक्षूंबरोबर जपानला गेला. भिक्षूंना मांस चालत नव्हते, म्हणून त्यांनी मांसाच्या जागी कडधान्य घेतले. आपल्या श्रद्धेची मर्यादा सांभाळून परका पदार्थ आपलासा करणे ही रीत जपानचीच. आपण मिरीन वगळली तर त्या पदार्थाचा अपमान होत नाही.

रविवारी मुलगा आपल्या अम्मीला घेऊन आला. अझुकी आपल्या बाजारात मिळत नाही, पण लाल चवळी तिच्याच कुळातली.

पुरण : १ वाटी लाल चवळी रात्रभर भिजवावी. एक उकळी आणून पाणी फेकून द्यावे, म्हणजे उग्रपणा जातो. नव्या पाण्यात कुकरला पूर्ण मऊ शिजवून, निथळून घोटावी. पाऊण वाटी साखर किंवा गूळ आणि चिमूटभर मीठ घालून आटवावी. पुरण झाले की नाही, हे त्या भाभींनी न विचारताच सांगितले : "चमचा उभा राहिला की उतरवा." शबे-बरातला चण्याच्या डाळीचा हलवा करणाऱ्या हातांना हे शिकवावे लागत नाही.

घावन : ४ अंडी आणि १४० ग्रॅम पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेटावी. २ मोठे चमचे मध घालावा. १६० ग्रॅम मैदा आणि १ लहान चमचा बेकिंग पावडर चाळून मिसळावी. १५ मिनिटे झाकून ठेवून, लागल्यास चमचाभर पाणी घालावे. मिरीनचे काम मध करतो, रंगही तोच आणतो. व्हॅनिला इसेन्सच्या बऱ्याच बाटल्यांत अल्कोहोल असते, म्हणून आम्ही वेलदोडा घातला.

नॉनस्टिक तव्याला तेलाचा बोट फिरवून ते कापडाने पुसून घ्यावे. मंद आचेवर छोटी पळीभर पीठ एकाच जागी सोडावे, पसरवू नये. वर बुडबुडे आले की उलटावे आणि दुसरी बाजू अर्धा-एक मिनिट भाजावी. काढलेली घावने ओलसर कापडाखाली ठेवावीत, नाहीतर ती कोरडी पडतात. एवढ्या पिठात साधारण १२ घावने, म्हणजे ६ केक होतात. वर्षाच्या आतील बाळाला मात्र मध घातलेला खाऊ देऊ नये.

आमची पहिली तीन घावने काळी झाली. तवा फार तापला होता, आणि मधामुळे पीठ लवकर करपते. ती आम्ही मोठ्यांनी चहाबरोबर खाल्ली. चौथे तांबूस आणि गुळगुळीत निघाले, तेव्हा मुलाने टाळी वाजवली. बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेतला आणि म्हणाला, "आतून तर पुरणपोळीच आहे!"

तयार केकपैकी एक त्याने बाजूला काढून कागदात गुंडाळला. कुणासाठी, असे विचारल्यावर म्हणाला, "शेजारच्या चाचांसाठी. त्यांनी आपल्या पाकिटातला खाल्लाय. आता आपला कसा झाला, ते त्यांनाच सांगता येईल."

दुसऱ्या दिवशी वर्गात निकाल कळला. चाचांना आपला केक जास्त आवडला होता. वेलदोड्यामुळे, असे ते म्हणाले म्हणे.