खर्जाचा कान

लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात १९६६ साली एक शिरस्ता होता. ड्रमवादक ज्याला पायाने ठोका देतो त्या मोठ्या ढोलाच्या, म्हणजे व्यवसायातल्या मंडळींच्या भाषेत किक ड्रमच्या, दोन फुटांच्या आत कोणीही मायक्रोफोन नेता कामा नये, असा कंपनीचा हुकूम असून पांढरे डगले घालून वावरणारे तेथील तंत्रज्ञ तो बिनतक्रार पाळीत असत. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात बीटल्सच्या नव्या तबकडीचे काम सुरू झाले, आणि ध्वनिमुद्रकाच्या जागेवर नुकतेच बसलेले, अवघ्या वीस वर्षांचे जेफ एमरिक यांनी रिंगो स्टार यांच्या ढोलाच्या पोटात एक लोकरी स्वेटर कोंबून, एकेजी या व्हिएन्नाच्या कंपनीचा डी-२० हा मायक्रोफोन त्या ढोलापासून सुमारे तीन इंचांवर नेऊन ठेवला. वरिष्ठांची हरकत अर्थातच आली. पुढे दफ्तराकडून लेखी मुभा मिळाली ती केवळ बीटल्सच्या कामापुरती, असे एमरिक यांनी सांगून ठेवले आहे. आज जगातील बहुतेक ध्वनिमुद्रक तीन इंचांच्याच हिशेबाने वागतात, आणि त्या दोन फुटांची आठवण कोणी काढलीच तर ती हसण्यापुरती.

तथापि तो हुकूम सर्वस्वी निरर्थक होता असे समजू नये. मायक्रोफोनच्या ज्या तीन प्रमुख जाती आहेत त्यांपैकी रिबन जातीत चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मधोमध ॲल्युमिनियमची एक पट्टी टांगलेली असते, आणि तिची जाडी काही मायक्रॉनच असल्यामुळे, ढोलातून उसळणारा हवेचा एकच झोत तिला कायमची ताणून निकामी करू शकतो. कंडेन्सर जातीत पातळ पडदा आणि त्याच्या पाठची तबकडी यांच्यामधील विद्युत्-धारिता ध्वनीच्या दाबाबरोबर बदलते व त्या बदलाचे विद्युत्-संदेशात रूपांतर होते. तिथे पडदा सांभाळला तरी आतला वर्धक मोठ्या दाबाखाली विकृत होण्याचे भय असते. राहिली डायनॅमिक ही जात. हिच्यात पडद्याला तारेचे एक वेटोळे चिकटविलेले असून ते चुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे हलले की त्यात विद्युत्-प्रवाह उत्पन्न होतो, म्हणजे फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्वच तेवढे येथे राबते. ही रचना दणकट असते, आणि एमरिक यांचा डी-२० याच जातीचा होता. कानाला ज्या दाबाने इजा होईल तो दाब हा मायक्रोफोन दिवसभर खुशाल सोसतो.

येथे एका गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. खर्जाचा आवाज मोठा, त्याच्या लहरी लांब, तेव्हा तो पकडण्यास पडदाही मोठाच हवा, अशी समजूत वादकांत आणि विक्रेत्यांत सारखीच रुजलेली आहे. ती चुकीची आहे. सेकंदाला ५० कंपने होणाऱ्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते. तिच्यापुढे एक इंचाचा पडदा काय आणि अर्ध्या इंचाचा काय, दोघेही सारखेच क्षुद्र. मोजमापाच्या प्रयोगशाळेत वापरतात तो अर्ध्या इंचाचा कंडेन्सर मायक्रोफोन, ज्याची पाठ जवळजवळ बंद असल्यामुळे तो केवळ हवेच्या दाबाची चढउतार नोंदवितो, सेकंदाला मोजक्या कंपनांपर्यंत सरळ रेषेत उतरत जातो, आणि तितका खोल जाणे किक ड्रमसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या भल्याथोरल्या मायक्रोफोनांना साधत नाही. मग ध्वनिमुद्रक तो का वापरीत नाहीत? कारण त्याला सगळेच ऐकू येते, आणि किक ड्रममधील सगळेच ऐकण्याजोगे नसते.

याचे मूळ ढोलाच्या तोंडावर ताणलेल्या पानाच्या कंपनात आहे. ताणलेली तार छेडली असता मूलस्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर उमटतात आणि ते परस्परांशी जुळून एकच निश्चित सूर कानाला देतात. वर्तुळाकार पानाचा व्यवहार निराळा आहे. त्याचे उपस्वर मूलस्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा पटींत येतात, म्हणजे एकाचा दुसऱ्याशी पूर्णांकी मेळ नाही. बावीस इंची किक ड्रमचा मूलस्वर साधारणतः ५० ते ८० कंपनांच्या दरम्यान बसतो. त्याच्यावर हे बेमेळ उपस्वर आणि ढोलाच्या पोटातील हवेचे घुमणे येऊन मिळाले की २५० ते ५०० कंपनांच्या पट्ट्यात, रिकाम्या खोक्यावर थाप मारावी तसला, जो डबडा आवाज साचतो तो सुराला पोषक नाही आणि लयीलाही नाही. उलट २,००० ते ५,००० कंपनांच्या प्रदेशात पेडलचा नमद्याचा गोळा पानावर आदळल्याची जी टणक खूण असते ती मात्र जपण्यासारखी, कारण गर्दीच्या वाद्यमेळात ठोक्याची नेमकी वेळ कान तिच्यावरूनच ओळखतो.

म्हणून ऐंशीच्या दशकातला एकेजी डी-११२, त्याच्या मागून आलेला शूअर बीटा ५२-ए आणि अलीकडचा ऑडिक्स डी-६ या सर्वांचा कल एकाच दिशेचा दिसतो: तळाशी उचल, मध्ये कमीअधिक खळगा, वर पुन्हा चढण. डी-६ मध्ये हा खळगा इतका खोल आहे की ढोल कोणताही असो, निकाल साधारण एकाच साच्याचा निघतो. ज्यांना घाई असते त्यांना ते सोयीचे वाटते, मला ते जाचक वाटते. या मायक्रोफोनांची कीर्ती त्यांच्या श्रवणशक्तीवर उभी नाही. कुठे बहिरे व्हावे याची त्यांची निवड चोख आहे, एवढेच.

तळाची उचल काही अंशी अंतरातून येते, आणि ते गणित पाहण्याजोगे आहे. एकाच दिशेचे ऐकणारा मायक्रोफोन पडद्याच्या पुढील व मागील दाबांतील फरक नोंदवितो. समजा, पुढून मागे पोहोचण्यास ध्वनीला दोन सेंटीमीटर जादा चालावे लागते. पन्नास कंपनांच्या स्वराच्या बाबतीत दोन सेंटीमीटर म्हणजे लहरीचा सुमारे ३४५ वा भाग, तेव्हा लांबून आलेल्या ध्वनीसाठी पुढच्या-मागच्या दाबांत दोन टक्क्यांचाही फरक पडत नाही. परंतु ध्वनीचा उगम लहान असून तो पाच सेंटीमीटरांवर आला, तर पुढची बाजू त्याच्यापासून पाच व मागची सात सेंटीमीटरांवर राहते आणि केवळ अंतरामुळे मागचा दाब पुढच्याच्या पाच-सप्तमांश, म्हणजे जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. दीर्घ लहरींच्या बाबतीत हा फरक मूळच्या फरकाला गिळून टाकतो. ऱ्हस्व लहरींना त्याचे फारसे सोयरसुतक नसते. सामीप्याने खर्ज फुगतो तो असा. गायक मायक्रोफोन ओठांशी नेतो आणि त्याचा आवाज एकाएकी भारदस्त होतो, त्याचेही कारण हेच. किक ड्रमचे पान रुंद असल्यामुळे हे गणित तेथे इतके नेटके लागू पडत नाही, पण दिशा तीच.

त्यामुळे कोणता मायक्रोफोन यापेक्षा तो कोठे, हा प्रश्न बहुधा अधिक निर्णायक ठरतो. पुढच्या पानाला जे भोक पाडलेले असते त्याच्या तोंडाशी मायक्रोफोन ठेवला तर हवेचा झोत थेट पडद्यावर बसून एक फुसका धक्का नोंदला जातो. दोन बोटे बाजूला सरकविले की तो नाहीसा होतो. आत, गोळ्याच्या समोर नेले तर टणक खूण वाढते आणि भरीवपणा घटतो. बाहेर हातभर अंतरावर ढोल संपूर्ण ऐकू येतो, परंतु शेजारच्या झांजाही येतात. नॉयमान कंपनीचा १९७२ मध्ये निघालेला यू-४७ एफईटी हा कंडेन्सर मायक्रोफोन या बाहेरच्या जागेसाठी नावाजला गेला, कारण व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आणि संदेश घटविण्याचा खटका यांमुळे त्याने जुन्या कंडेन्सरांची भीती पुष्कळशी घालविली.

एक चमत्कारिक उपाय याहून जुना आहे. १९६६ च्या त्याच एप्रिलात ‘पेपरबॅक रायटर’ या गीतासाठी पॉल मॅकार्टनी यांचा बेस गिटार नोंदविताना एमरिक आणि ईएमआयचे तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी एक मोठा ध्वनिक्षेपक उलटा जोडून तो मायक्रोफोन म्हणून उभा केला. तत्त्वतः यात काहीच गैर नाही, कारण ध्वनिक्षेपक आणि डायनॅमिक मायक्रोफोन यांत वेटोळे, चुंबक, पडदा हा सरंजाम एकच असतो. फरक वजनाचा आहे. जड शंकू सावकाश हलतो, खालच्या कंपनांना रंगून साथ देतो आणि वरच्या कंपनांना दाद देत नाही. पुढे यामाहा कंपनीने साडेसहा इंची क्षेपक ढोलकाच्या खोडात बसवून सबकिक या नावाने हीच युक्ती बाजारात आणली. त्याच्या जोडीला दुसरा मायक्रोफोन अपरिहार्य असतो. एकटा सबकिक म्हणजे ठोक्याशिवाय घुमारा.

आता बेसकडे वळावे. किक ड्रमसाठी घेतलेला मायक्रोफोन बेसलाही चालेल, कारण दोन्ही खर्जाचीच वाद्ये, असे गृहीत धरून पुष्कळजण खरेदी करतात, आणि तेथेच फसतात. बेस गिटार किंवा डबल बेस यांच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला ४१ कंपनांचा असतो व त्याची तरंगलांबी आठ मीटरांहून अधिक भरते. डबल बेसची लाकडी काया तर माणसाच्या उंचीच्याही आतबाहेर, तेव्हा एवढ्या लांब लहरी हवेत ढकलणे तिला फार अल्प प्रमाणात जमते. प्रत्यक्षात आपल्या कानी येतात ते बव्हंशी ८२, १२३, १६४ कंपनांचे उपस्वर. ते परस्परांशी पूर्णांकी नात्याने बांधलेले असल्यामुळे क्षीण असलेला, प्रसंगी मुळीच नसलेला मूलस्वर मेंदू स्वतःच्या जबाबदारीवर भरून काढतो. मोबाइलच्या नखाएवढ्या क्षेपकातूनही बेसची चाल ओळखू येते ती याच कृपेने, आणि मिरवणुकीतल्या ढोलाचे चित्रण त्याच मोबाइलवर पाहताना नुसते टपटप ऐकू येते तेही याच कारणाने. ढोलाच्या पानाला पूर्णांकी उपस्वर नाहीत, तेव्हा मेंदूपाशी भरून काढण्यास आधारच उरत नाही.

म्हणजे मध्यपट्टीतला जो ऐवज किक ड्रममध्ये कचरा ठरतो, त्याच्यातच बेसची ओळख साठविलेली असते: बोटाचे तारेवरचे घासणे, लाकडाचा गुरगुराट, मुख्यतः कोणता स्वर वाजला याची खात्री. खळग्याचा मायक्रोफोन येथे आणून ठेवला की आवाज जाड होतो आणि सूर हरवतो. इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा १९६८ चा आरई-२० मला या कामी सर्वांत भरवशाचा वाटतो. त्याच्या लांब देहावर पाठीकडे ध्वनीच्या प्रवेशासाठी चिरा ठेवलेल्या असून खालची कंपने दूरच्या मार्गाने आत येतात, त्यामुळे वर सांगितलेली सामीप्याची फूग बरीच आवरली जाते आणि मायक्रोफोन बेस गिटारच्या क्षेपकाच्या जाळीला टेकविला तरी मध्यपट्टी गढूळ होत नाही. नभोवाणीच्या निवेदकांनी त्याला आपला मानले तेही याच गुणामुळे. डबल बेससमोर मात्र हातभर अंतरावरचा रिबन किंवा कंडेन्सर मायक्रोफोन अधिक शोभतो. फक्त तो वाद्याच्या भोकांवर रोखू नये, तेथून पोटातली हवा एकाच स्वराला अवाजवी घुमविते.

बेस गिटारचा संदेश तारेवाटे थेटही घेता येतो आणि बहुतेक ठिकाणी थेट संदेश व मायक्रोफोन दोन्ही एकत्र मिसळतात. ध्वनीला ३४ सेंटीमीटर अंतर काटण्यास एक मिलिसेकंद लागतो. मायक्रोफोन तितका दूर असेल तर ५०० कंपनांच्या आसपासचे स्वर एकमेकांविरुद्ध उभे राहून नाहीसे होतात. महागडा मायक्रोफोन घेऊन आवाज पोकळ का, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कित्येकांचा रोग हा असतो, आणि संगणकावर एक संदेश मिलिसेकंदभर सरकविणे हा त्यावरचा फुकटचा इलाज.

किक ड्रम आणि बेस यांच्या मधोमध आपला डग्गा बसतो. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, आपल्या तालवाद्यांच्या पानावर मध्यभागी चढविलेल्या शाईच्या भारामुळे त्याचे बेमेळ उपस्वर पूर्णांकी पटींकडे ओढले जातात. तबल्याचा सूर लागतो तो त्यामुळे. डग्ग्याची शाई मध्यापासून बाजूला सरकलेली असते, तेव्हा तेथे हा मेळ तितका काटेकोर नाही. पण मनगट दाबून घिस्सा काढला असता स्वर ज्या लवचिकपणे वर चढतो तो चढ कान या उपस्वरांच्याच आधाराने मोजतो. मैफलीत किक ड्रमचा मायक्रोफोन डग्ग्याच्या बुडाशी लावून श्रोत्यांच्या छातीत धक्के पोहोचविण्याची जी रीत अलीकडे बोकाळली आहे, तिच्यात घिस्सा गडप होतो आणि उरतो तो नुसता ‘धम्’. वादक आपल्या मनगटावर वर्षे घालवितो; ती अशी वाया दवडण्याचा अधिकार ध्वनिमुद्रकाला कोणी दिला, हे मला कळलेले नाही.

पैसा एकाच मायक्रोफोनपुरता असेल, तर माझी मसलत मध्यपट्टी राखणारा डायनॅमिक घेण्याची आहे: परवडला तर आरई-२०, नाहीतर सेनहायझरचा १९६० पासून चालत आलेला एमडी-४२१. किक ड्रममधील डबडेपणा मागाहून कमी करता येतो, शिवाय ढोलात एक उशी टाकली तर निम्मे काम तिथेच उरकते. परंतु मायक्रोफोनने जे नोंदविलेच नाही ते पुढे कोणत्याही यंत्राने परत येत नाही. एमडी-४२१ जुना मिळत असेल तर पाठीमागची कडी तेवढी तपासावी. खालची कंपने छाटण्यासाठी तिच्यावर पाच टप्पे असतात, एका टोकाला संगीताचा एम आणि दुसऱ्या टोकाला भाषणाचा एस. सभा-संमेलनांतून आलेले नग बहुधा एसवर अडकलेले असतात, आणि त्या स्थितीतला दुबळा खर्ज ऐकून मायक्रोफोन बिघडला असे ठरविण्यापूर्वी ती कडी एमवर फिरवून पाहावी.