एक तरी माळवद राहू द्या
30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे 8 हजार माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या घरांखाली दबून. तेव्हापासून लातूर-नांदेडकडे माळवद, म्हणजे लाकडावर माती पसरलेलं सपाट छत, म्हटलं की धसकाच बसतो. तो खोटा नाही. पण घर नेमकं कुठं हरलं हे पाहायला हवं. जाडजूड दिसणारी भिंत आतून दोन पदरी असते. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे लांब, आरपार दगड नसले की हादऱ्यानं पदर सुटतात, भिंत फुगते आणि कोसळते. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं टाकलेल्या मातीनं छताचं ओझंही वाढलेलं. याउलट खांब-तुळयांचा लाकडी खण जिथं पुरा आणि शाबूत होता, तिथं भिंती पडूनही माळवद वरच राहिल्याची उदाहरणं अभियंत्यांनी नोंदवली. म्हणजे दोष माळवदाच्या कल्पनेत नव्हता, बांधणीत आणि ओझ्यात होता.

हा फरक कागदावर कळत नाही, त्यासाठी गोठा, धान्याचं बळद आणि पेव यांसकट संग्रहालय म्हणून जपलेला उभा वाडा लागतो. तिथं इतर युक्त्याही दिसतात. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून छतावर चुनखडीची पांढरी माती. दुपारचं ऊन त्या जाड थरातून आत पोचायला कित्येक तास लागतात. पेव तर प्रयोगशाळाच. कडब्यानं मढवलेल्या खड्ड्यात ज्वारी भरून तोंड लिंपलं की दाण्यांच्या आणि किड्यांच्या श्वसनानं प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि कीड गुदमरते. माणूसही गुदमरू शकतो, म्हणून उघडलेलं पेव बराच वेळ तसंच ठेवायचं आणि आधी कंदील सोडून पाहायचा.

कुणी म्हणेल, वाडा जपणं म्हणजे पाटीलकी जपणं. आक्षेप रास्त आहे. म्हणून शेजारी बलुतेदाराचं आणि शेतमजुराचं घरही हवं. असं इतरत्र झालंही आहे: स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात 1891 पासून शेतकऱ्यांची घरं गोठ्या-कोठारांसह मांडली आहेत. माणसं आत जाणार तर सुरक्षिततेचं काय? आरपार दगड घालता येतात, मातीचा थर हलका करता येतो, भिंतींना पट्टा बांधता येतो. भूकंपानंतर हे उपाय इथंच सुचवले गेले. खरी अडचण निगेची आहे. मृगाआधी माती टाकून माळवद धोपटणारे हात दरवर्षी लागतील, आणि ते काम येणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत.