लोहगाव ते पुरंदर: विमानतळाच्या गाडीचा हिशेब

विमानतळावरून शहरात आणणाऱ्या गाडीचा विषय पुण्यात निघाला की चर्चा लगेच वेगावर जाते. २०१८ मध्ये राज्य सरकारने मुंबई-पुणे हायपरलूपसाठी परदेशी कंपनीशी करार केला, तेव्हा ‘पंचवीस मिनिटांत मुंबई’ हे शब्द घराघरांत पोचले होते. पुढे २०२३ च्या अखेरीस ती कंपनीच बंद पडली. त्या काळात लोहगावला उतरलेला प्रवासी कोथरूडला कसा पोचतो, हा साधा प्रश्न मात्र मागेच राहिला. गाडी ताशी किती किलोमीटर धावते यापेक्षा विमानातून उतरल्यापासून घराच्या दारापर्यंत किती वेळ जातो, हा खरा प्रश्न आहे. तो नीट विचारला, तर पुण्याच्या दोन विमानतळांसाठी दोन वेगळी उत्तरं मिळतात: आज चालू असलेल्या लोहगावसाठी एक आणि पुरंदरला व्हायच्या नव्या विमानतळासाठी दुसरं.

आधी लोहगाव पाहू. पुणे स्टेशनपासून हा विमानतळ साधारण दहा किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरासाठी ताशी १२० किलोमीटरने कुठेही न थांबता धावणारी गाडी आणली, तर पाच मिनिटं लागतील. थांबत थांबत जाणाऱ्या मेट्रोचा सरासरी वेग ३५ धरला, तर सतरा मिनिटं लागतील. म्हणजे अफाट खर्च करून वाचणार ती बारा मिनिटं. त्याहून जास्त वेळ आज रस्त्यातल्या तुटलेल्या दुव्यांवर जातो. वनाज ते रामवाडी ही मेट्रो मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. तिथून विमानतळ चार-पाच किलोमीटर. ते अंतर पीएमपीच्या बसने किंवा रिक्षाने काटायचं. रामवाडीच्या फलाटावर उतरलेल्या माणसाने बॅग ओढत जिन्याने किंवा लिफ्टने खाली यायचं, नगर रस्त्याच्या गर्दीत बस शोधायची, ती येईपर्यंत थांबायचं आणि मग विमाननगरच्या सिग्नलांतून पुढे जायचं. विमानाची वेळ गाठायची असेल, तर ही अनिश्चितता कुणी पत्करत नाही. प्रवासी सरळ घरूनच कॅब बोलावतो. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, प्रवासीसंख्या २०२४-२५ मध्ये एक कोटीच्या पुढे गेली आणि हा सगळा भार त्याच दोन-तीन रस्त्यांवर पडला. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजूर केलेला मेट्रोचा विस्तारही रामवाडीहून नगर रस्त्याने वाघोलीकडे जातो. वाघोलीची गरज खरीच आहे, पण विमानतळ तेवढ्याने जोडला जात नाही.

वेगावर भुलण्याचा सर्वात ठळक धडा शांघायने दिला आहे. तिथल्या पुडाँग विमानतळावरून सुटणारी मॅग्लेव्ह चुंबकाच्या बळावर रुळाला न टेकता धावते. तिने ताशी ४३१ किलोमीटरचा वेग गाठला आणि तीस किलोमीटर अंतर सात-आठ मिनिटांत कापून दाखवलं. तंत्रज्ञान म्हणून ती थक्क करणारीच आहे. पण ती लाँगयांग रोडला संपते, आणि शहराचा गाभा तिथून पुढे बराच दूर आहे. तिथे उतरून सामानासह मेट्रो पकडावी लागते, शिवाय साधी मेट्रोही विमानतळापर्यंत जातेच. लंडनमध्ये हीथ्रो एक्सप्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोचवते. तरीही २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन, वेळ जास्त लागत असूनही, अनेकांना सोयीची वाटते. कारण ती पॅडिंग्टनला न संपता शहराच्या पोटातून पलीकडे जाते आणि भाडंही कमी पडतं.

यावर आक्षेप असा येतो, की सामान घेऊन मेट्रोने जाणं आपल्याकडे कुणाला रुचणार नाही. विमानाला पैसे मोजणारा माणूस कॅबचेही मोजेल. दिल्लीचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तिथली एअरपोर्ट एक्सप्रेस फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली. पुलाच्या बेअरिंगमध्ये दोष आढळल्याने जुलै २०१२ मध्ये ती बंद करावी लागली आणि सहा महिने बंद राहिली. २०१३ मध्ये खासगी कंपनीने अंग काढून घेतल्यावर ती दिल्ली मेट्रोकडे आली. तेव्हा अनेकांनी ती संपल्यातच जमा धरली होती. मेट्रोने भाडी उतरवली, गाड्यांचा वेग टप्प्याटप्प्याने १२० पर्यंत नेला, आणि लोक आले. त्या मार्गाचं एक टोक थेट नवी दिल्ली रेल्वे स्थानकाशी आहे, हे त्यामागचं मोठं कारण. शिवाय विमानतळ म्हणजे फक्त प्रवासी नव्हेत. सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, सामान चढवणारे, दुकानांतली मुलं-मुली रोज पाळ्यांमध्ये ये-जा करतात. त्यांना कॅब परवडत नाही आणि पहाटेची पाळी चुकवताही येत नाही. माझ्या मते विमानतळाच्या मेट्रोचे पहिले हक्कदार तेच आहेत.

आता पुरंदर. २०१६ पासून चर्चेत असलेला हा विमानतळ पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांच्या जमिनीवर व्हायचा आहे, शहरापासून तीस-चाळीस किलोमीटरवर. इथे तोच हिशेब उलटा होतो. ३५ च्या सरासरीने चाळीस किलोमीटरला सत्तरेक मिनिटं लागतील, १२० ने वीस. फरक तब्बल पन्नास मिनिटांचा, आणि मध्ये दिवे घाट. पावसाळ्यात किंवा पालखीच्या दिवसांत त्या घाटातली वाहतूक कशी तुंबते, हे हडपसर-सासवडच्या लोकांना विचारावं. मुंबईचं विमान तासाभरात पोचणार आणि विमानतळ गाठायला दोन तास लागणार असतील, तर त्या विमानतळाचा पुण्याला उपयोग काय? म्हणून जलद रेल्वेची मागणी लोहगावला अवाजवी आहे आणि पुरंदरला अटळ. पुणे-मिरज लोहमार्ग शिंदवणे घाटातून आंबळे, राजेवाडी, जेजुरी असा याच तालुक्यातून जातो, म्हणजे रेल्वेला हा मुलूख अनोळखी नाही. घाटातली वळणं असताना त्याच रुळांवर १२० चा वेग कुणी मागणार नाही, पण नव्या मार्गाचा विचार कोऱ्या पाटीवर करावा लागणार नाही, हेही खरं.

सर्वात गंभीर आक्षेप पैशाचा नसून जमिनीचा आहे. अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा असलेल्या या गावांनी विमानतळाला वर्षानुवर्षं विरोध केला. २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी संघर्षही झाला. ज्यांची बाग जाते, त्यांच्यापुढे जलद गाडीची स्वप्नं रंगवणं योग्य आहे का? हा प्रश्न टाळता येणार नाही. विमानतळ व्हावा की नाही, हा त्यांच्या संमतीचा आणि मोबदल्याचा विषय आहे, आणि तो रेल्वेच्या युक्तिवादाने सुटत नाही. पण विमानतळ होणारच असेल, तर लोहमार्ग नंतर कधीतरी पाहू असं म्हणणं म्हणजे त्याच शेतकऱ्यांच्या दारात दहा वर्षांनी पुन्हा मोजणी घेऊन जाणं. आणि ती गाडी फक्त विमानाच्या तिकीटधारकांची असू नये. सासवड, फुरसुंगी, हडपसर असे मोजके थांबे घेतले तर वीसची पंचवीस-तीस मिनिटं होतील. तेवढ्याने विमान चुकत नाही, पण सासवडच्या मुलीला पुण्यातलं कॉलेज जवळ येतं.

उशिराची किंमत मुंबईने मोजली आहे. सहारचं टर्मिनल दोन २०१४ मध्ये उघडलं. त्याखालचं मेट्रो स्थानक ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. मधली दहा वर्षं प्रवाशांनी अंधेरीच्या रहदारीत काढली, आणि चालत्या विमानतळाखाली बोगदा खणण्याची कसरत वेगळीच. नवी मुंबईचा विमानतळही २०२५ मध्ये मेट्रोविनाच उघडला. पुरंदरला अजून एकही वीट रचलेली नाही. टर्मिनलच्या नकाशातच सामानपट्ट्यांच्या जवळ फलाट दाखवला, हडपसर आणि पुणे स्टेशनची टोकं ठरवली आणि मार्गाची जमीन विमानतळाच्याच भूसंपादनात, त्याच मोबदल्याने धरली, तर हे काम आज कागदावर होईल. लोहगावला मात्र नकाशाची वाट पाहायची गरज नाही. रामवाडीच्या जिन्याखाली दर दहा मिनिटांनी, पहाटेच्या पहिल्या विमानापासून, सामान ठेवायला जागा असलेली बस उभी राहिली आणि मेट्रोच्या तिकिटातच तिचं भाडं धरलं, तरी पुढची मार्गिका होईपर्यंत बराचसा प्रश्न सुटतो.