चाकोरीत अडकलेली जिप्सी : जुन्या फोर बाय फोरमध्ये आधी काय बदलायचं?

या मालिकेत आजवर मी बोललो ते कार्यकारणभाव, प्रयोजन असल्या विषयांवर. या वेळी संयोजक म्हणाले, "सर, एखादं तरी व्याख्यान हाताला ग्रीस लागलेल्या विषयावर होऊ द्या." ठीक आहे. माझ्याकडे १९९८ ची जिप्सी किंग आहे, हार्डटॉप. निवृत्तीनंतर जुनी घेतली. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला फोर बाय फोर कशाला, असं घरचे अजून विचारतात. (हशा) तर ते आधी सांगतो.

माझ्या धाकट्या बहिणीचं शेत यवतमाळ जिल्ह्यात आहे. घर डांबरी रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत, आणि मधली सगळी वाट काळ्या मातीची. उन्हाळ्यात त्या वाटेवरून सायकलसुद्धा जाते. जुलैत बैलसुद्धा कुरकुरतात. मेव्हण्यांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा, तेव्हा प्रश्न उभा राहिला की पावसाळ्यात त्यांना डांबरीपर्यंत आणायचं कसं. त्यासाठी ही गाडी.

जिप्सीची थोडी ओळख करून देतो. मारुतीनं ती १९८५ च्या डिसेंबरात आणली, ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ मध्ये १.३ लिटरची किंग आली, आणि २०१८ च्या सुमाराला उत्पादन थांबलं. मधल्या काळात सैन्यानं वापरली, रॅलीवाल्यांनी वापरली, ताडोबात सफारीला गेलात तर अजून हीच दिसते. वजन टनभराच्या आसपास. शिडीसारखी चेसिस, पुढं-मागं अखंड एक्सल, चारही चाकांना पाटे. परदेशात हिची सख्खी बहीण सामुराई म्हणून विकली गेली, त्यामुळे सुटे भाग आणि अनुभव दोन्ही भरपूर मिळतात.

गाडी घेतल्यावर मी जे केलं ते बहुतेक जण करतात. गाडी उंच करून घेतली. मिस्त्रीनं प्रत्येक पाट्याच्या जुडीत एक जाड पाटा वाढवला आणि लांब शॅकल टाकले. दोन इंच वर गेली. दिसायला काय रुबाबदार! पहिल्याच पावसाळ्यात, एका शुक्रवारी पहाटे, मेव्हण्यांना मागच्या सीटवर निजवून निघालो आणि अर्ध्या वाटेवर गाडी बसली. चारही चाकं फिरताहेत, गाडी जागची हलत नाही. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आला म्हणून सुटलो. डायलिसिसला चार तास उशीर झाला.

आता, का बसली? दुपारी परत येऊन मी त्या जागी उकिडवा बसून पाहिलं. त्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या. आपण या प्रकाराला 'चाकोरीबाहेरचं' ड्रायव्हिंग म्हणतो, पण पावसाळ्यात तुम्ही असता अगदी चाकोरीतच. आणि दोन चाकोऱ्यांमधला जो उंचवटा असतो, त्यावर नांगर ओढल्यासारखी सरळ रेघ उमटलेली होती. ती डिफरन्शियलच्या गोळ्याची. लक्षात घ्या, पाट्यानं तुम्ही उचलता ती चेसिस आणि बॉडी. एक्सल आहे तिथंच राहतो, कारण तो चाकाच्या मध्यावर बांधलेला असतो. मी हजारो रुपये खर्चून जी वस्तू वर नेली ती अडकतच नव्हती, आणि जी अडकत होती ती एक मिलिमीटरही हलली नव्हती. न्यायशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे कळायला ट्रॅक्टर लागला, याची लाज अजून वाटते.

डिफ वर न्यायचा सोपा मार्ग एकच, मोठा टायर. गणित करून बघू. माझ्या गाडीला २०५/७० आर १५ होते. रुंदी २०५ मिलिमीटर, तिच्या ७० टक्के म्हणजे १४३.५ ही टायरच्या भिंतीची उंची. ती वर एकदा, खाली एकदा, आणि मध्ये पंधरा इंची रिम, म्हणजे ३८१. बेरीज ६६८ मिलिमीटर. आता २३५/७५ आर १५ घ्या, बेरीज येते साधारण ७३४. फरक ६६, त्याचा निम्मा, म्हणजे ३३ मिलिमीटर, डिफच्या खाली मिळतो. सव्वा इंच! ऐकायला क्षुल्लक वाटतो. चिखलात तेवढ्यानं निकाल लागतो.

पण फुकट काही नाही. चाक दहा टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी लांब झाला. काटा साठ दाखवतो तेव्हा तुम्ही सहासष्टनं जाता. चढाला इंजिन दमतं. ब्रेकला जास्त काम पडतं, आणि पुढच्या एक्सलमधले सांधे, मिस्त्री ज्यांना सीव्ही जॉइंट म्हणतात, त्यांच्यावर ताण वाढतो. जिप्सीचे ते सांधे नाजूक आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाक दगडात अडकलेलं असताना ॲक्सिलरेटर दाबला की कडाड्कन आवाज येतो, तो त्याचाच. म्हणून मी २३५ वर थांबलो. ३१ इंची टायर लावणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांची गाडी छान चालते, आणि ते गॅरेजमध्येही छान रमतात.

नक्षीचं म्हणाल तर काळ्या मातीला मोठ्या फटींचा मड-टेरेन टायर हवा. ही माती कणकेसारखी चिकटते. बारीक नक्षी भरली की टायर गुळगुळीत गोटा होतो. कोकणातल्या जांभ्यावर किंवा सह्याद्रीतल्या खडकाळ वाटेवर ऑल-टेरेन पुरे, आणि डांबरीवर तो कमी ओरडतो.

टायरपेक्षाही स्वस्त सुधारणा म्हणजे त्यातली हवा. एका चाकावर समजा अडीचशे किलो, म्हणजे साडेपाचशे पौंड. हवा २६ पीएसआय असेल तर जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानानं २१ चौरस इंच. हवा १५ वर आणली की ३७. टायरची भिंत थोडा भार उचलते, म्हणून आकडे नेमके नाहीत, पण दिशा बरोबर आहे. पाऊलखूण लांब होते, गाडी रुतत नाही. गाडी हलकी असल्यामुळे जिप्सीला हे फार मानवतं. मात्र या हवेवर सावकाश चालवायचं, झटक्यानं वळायचं नाही, नाही तर टायर रिमवरून उतरतो. आणि डांबरी लागली की पुन्हा भरायची. बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि हवेचं मीटर, एवढं घ्या. मी उंची वाढवण्याआधी हे केलं असतं तर त्या शुक्रवारी बहुधा निघालो असतो.

पाट्यांकडे वळू. मिस्त्रीनं जाड पाटा वाढवला, त्यानं जुडी ताठ झाली. खड्ड्यात एक चाक खाली लोंबायला हवं, ते लोंबेना. हवेत राहू लागलं. आता साधं डिफरन्शियल कसं वागतं? ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत असेल तर त्याला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. फोर बाय फोर असूनही पुढचं एक आणि मागचं तिरपं एक चाक हवेत गेलं की संपलं. चारही चाकांवर जोर आहे हा समज किती वरवरचा आहे बघा!

यावर उपाय दोन. एक म्हणजे लॉकर, जो दोन्ही चाकं एकत्र बांधतो. हवेवर चालणारा, हवा तेव्हा बटणानं लावायचा, तो उत्तम आणि महाग. काही जण डिफ वेल्डिंगनं कायमचं बंद करून टाकतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते करू नका. ओल्या डांबरीवर वळणात गाडी सरळ जाऊ पाहते. दुसरा उपाय, चाक हवेत जाऊच न देणं. मी वाढवलेला पाटा काढून टाकला. जुड्या उघडून गंज घासला, ग्रीस लावलं, बुश नवे टाकले. खर्च मामुली. चाक आधीपेक्षा कितीतरी खाली जायला लागलं.

लांब शॅकलही पुढचे काढले. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की एक्सल किंचित पुढं कलतो, आणि स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होण्याचा गुण हरवतो. ऐंशीच्या वेगात गाडी तरंगल्यासारखी वाटायची ती यामुळे. शिवाय पुढच्या ब्रेकची रबरी नळी ताणून तारेसारखी झाली होती. एक्सल अजून थोडा खाली गेला असता तर नळी तुटली असती आणि ब्रेक गेला असता, मागच्या सीटवर पेशंट असताना. गाडी उंच करायचीच असेल तर त्या नळ्या लांब करणं आधी, रुबाब नंतर.

लो रेंजबद्दल थोडक्यात. पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफर केसचा लो २.२६८, डिफ ३.९०९. गुणाकार साधारण ३२. म्हणजे इंजिन ३२ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. चिखलाला एवढं पुरतं. खडकांवर मुंगीच्या गतीनं चढणारे लोक ट्रान्सफरमधला लो ४.१६ करून घेतात, गुणाकार ५९ वर जातो. आपल्याला गरज नाही.

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी मात्र सोडू नका. एक्सलवर श्वास घ्यायला ब्रीदर असतो. गरम झालेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून पाणी ओढते. डिफचं तेल दुधाळ दिसलं तर तेच झालंय. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटपर्यंत वर न्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. दुसरी गोष्ट, ओढण्याचा हुक. त्या पहाटे ट्रॅक्टरनं साखळी ताणली आणि माझा बाजारातून आणलेला, बंपरवर दोन बारीक बोल्टांनी बसवलेला हुक उपटून गेला. ट्रॅक्टरच्या मडगार्डला खोक पडली. चालवणारे शेजारी तिथून हातभर अंतरावर बसले होते. हुक चेसिसच्या दांड्यालाच हवा, चांगल्या बोल्टांनी. आणि ओढताना मधे कुणी उभं राहायचं नाही, मग तो कितीही उत्साही मामा असो.

आता कायदा. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाकं का? जुन्या गाडीचे भाग बदलत गेलो तर ती तीच गाडी राहते का, हा प्रश्न आम्ही वर्गात तासन् तास चघळायचो. आरटीओनं तो चेसिस नंबरवर सोडवलाय. (हशा) पण गंमत बाजूला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावीच लागते. म्हणून काहीही करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा. परत मूळपदावर आणता येणार नाही असा बदल मी करत नाही.

एक प्रश्न आलाय, "एवढ्या खटाटोपापेक्षा नवी गाडी का नाही घेतली?" पैसे, हे पहिलं उत्तर. दुसरं असं की नवी गाडीसुद्धा कारखान्यातल्या टायरवर आणि रस्त्याच्या हवेवर त्या चाकोरीत बसली असती.

आणि हो, पुढं काय झालं हेही विचारलंय. गेल्या पावसाळ्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी भाचा गाडी काढायचा. हवा पंधरावर, फोर-लो, दुसरा गिअर. एकदाच बसली, नाल्याच्या वळणावर. गाडीत खोरं ठेवलेलं होतं. वीस मिनिटं लागली.